ऑफसाइड : मैदानावर न आखलेली रेषा

कबड्डीचे मैदान आखताना तुमच्यापैकी अनेकांनी हातात फक्कीचे घमेले घेतले असेल. मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा, सगळ्या रेषा मातीवर पांढऱ्या फक्कीने उमटलेल्या असतात. चढाई करणाऱ्याने निदान रेषा ओलांडली की नाही, असा वाद झालाच, तर पंचाला पाय कुठे आहे आणि रेषा कुठे आहे एवढेच पाहायचे असते. रेषा काही पळून जात नाही.

फुटबॉलमध्ये मात्र एक रेषा अशी आहे की, ती कोणी आखत नाही, ती कोणाला दिसत नाही, आणि ती सामनाभर मैदानावर पुढे-मागे धावत असते. बचाव करणाऱ्या संघातील शेवटून दुसरा खेळाडू जिथे असेल तिथे ती रेषा! गोलरक्षक बहुधा शेवटचा असतो, म्हणून व्यवहारात शेवटचा बचावपटू हाच ती रेषा आपल्या पायांनी ओढत नेतो. या रेषेवरून जगात जेवढी भांडणे झाली असतील, तेवढी फक्कीच्या रेषांवरून खचितच झाली नसतील.

आधी नियम नीट समजून घेऊ. आपल्या संघातील खेळाडूने चेंडू मारला त्या क्षणी तुम्ही प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात असाल, आणि चेंडू तसेच शेवटून दुसरा बचावपटू या दोघांपेक्षाही त्यांच्या गोलरेषेच्या अधिक जवळ असाल, तर तुम्ही ‘ऑफसाइड’ स्थितीत आहात. बरोबरीत असाल तर नाही. डोके, धड आणि पाय मोजायचे. हात मोजायचे नाहीत. नुसते त्या जागी उभे राहणे हा गुन्हा नव्हे. तिथून तुम्ही खेळात भाग घेतलात, तरच पंच शिट्टी वाजवून चेंडू दुसऱ्या संघाला देतो. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोलकिक यांवरून आलेला चेंडू थेट घेतला तर ऑफसाइड लागत नाही.

नियमातील ‘त्या क्षणी’ हे शब्द पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा. आपल्याला पुढे त्यांच्याशीच काम आहे.

नियम कशासाठी?

हा नियम नसता, तर काय झाले असते? दोन-तीन उंच खेळाडू गोलरक्षकाशेजारी ठिय्या देऊन बसले असते, आणि बाकीच्यांनी लांबून चेंडू टोलवून त्यांच्या डोक्यावर टाकला असता. मधल्या मैदानात खेळ उरलाच नसता. १८६३ साली इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले, तेव्हा तर चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक सहकारी खेळाबाहेर समजला जाई. १८६६ मध्ये नियम सैल झाला. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीन प्रतिस्पर्धी असले की पुरे, असे ठरले. १९०७ पासून स्वतःच्या अर्ध्या भागात ऑफसाइड उरला नाही.

पुढे बचावपटू हुशार झाले. आक्रमक पळत सुटला, की ते मुद्दाम दोन पावले पुढे सरकत आणि त्याला ऑफसाइडमध्ये अडकवत. खेळ तुटक झाला. शेवटी १९२५ मध्ये ‘तीन’च्या जागी ‘दोन’ हा आकडा आला. परिणाम पाहण्यासारखा आहे. इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमध्ये १९२४-२५ च्या हंगामात ४६२ सामन्यांत ११९२ गोल झाले होते. पुढच्याच हंगामात तेवढ्याच सामन्यांत १७०३ गोल झाले. म्हणजे सामन्यामागे २.५८ वरून ३.६९! एका नियमातील एक अंक बदलला आणि खेळच बदलला. मग हर्बर्ट चॅपमनच्या आर्सेनल संघाने मधल्या खेळाडूला मागे खेचून तिसरा बचावपटू केला, आणि इंग्रजी डब्ल्यू व एम या अक्षरांच्या आकाराची मांडणी जगभर गेली.

आपल्या भागाचाही या इतिहासाशी थोडा संबंध पोहोचतो. आमचे वाटूर आणि सगळाच मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या राजधानीचा ‘हैदराबाद सिटी पोलिस’ हा संघ मुंबईच्या रोव्हर्स चषकात १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे अजिंक्य ठरला. त्याचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १० विरुद्ध १ असा हरला. त्याच रहीमसाहेबांच्या मार्गदर्शनाखाली १९५६ मध्ये मेलबर्नला भारत चौथा आला. तिथे मुंबईच्या नेव्हिल डिसूझा याने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले. हे सारे पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून सांगितले. आता विषयाकडे वळू.

दोन जागा, एक क्षण

पंचाला ऑफसाइड ठरवायचा म्हणजे नेमके काय करायचे? भौतिकशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर दोन वेगवेगळ्या ठिकाणी घडणाऱ्या घटना एकाच क्षणी पाहायच्या. एका ठिकाणी पायाचा चेंडूला स्पर्श, आणि तीसएक मीटर दूर दुसऱ्या ठिकाणी आक्रमक व बचावपटू यांची जागा. हे काम बाजूच्या रेषेवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या माणसाचे. पूर्वी त्याला लाइन्समन म्हणत. १९९६ पासून त्याचे नाव ‘सहायक पंच’ झाले. नाव बदलले, डोळे मात्र तेच राहिले.

समजा, आक्रमक सेकंदाला ८ मीटर वेगाने गोलकडे धावत आहे आणि बचावपटू सेकंदाला ४ मीटर वेगाने उलट दिशेने बाहेर येत आहे. दोघांमधील अंतर सेकंदाला १२ मीटर या वेगाने बदलते आहे. सहायक पंचाने आधी चेंडू मारणाऱ्याकडे पाहिले आणि मग नजर वळवली, तर? एखादी गोष्ट जाणवून नजर तिकडे वळू लागायलाच सुमारे ०.२ सेकंद लागतो. या अवधीत दोघांमधील अंतर ०.२ × १२ = २.४ मीटर बदलून गेलेले असते! चेंडू मारला तेव्हा दोन मीटर मागे असलेला निष्पाप खेळाडू पंचाची नजर पोहोचेपर्यंत पुढे गेलेला दिसणार.

तुम्ही म्हणाल, मग त्याने नजर रेषेवरच ठेवावी आणि चेंडू मारल्याचा ‘धप्प’ आवाज कानाने टिपावा. युक्ती चांगली आहे. पण आवाजाला वेळ लागतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. चेंडू मारणारा ३४ मीटर दूर असेल तर आवाज ०.१ सेकंद उशिरा पोहोचतो. तेवढ्यात आक्रमक ८० सेंटिमीटर पुढे, बचावपटू ४० सेंटिमीटर अलीकडे, एकूण फरक १.२ मीटर. प्रकाशाला तेच ३४ मीटर अंतर कापायला सेकंदाचा एक कोट्यंश भाग जेमतेम लागतो, म्हणून त्याची काळजी नको. दूरच्या शेतात कोणी लाकूड फोडत असेल, तर कुऱ्हाड आधी पडते आणि आवाज मागून येतो हे तुम्ही पाहिलेच असेल. तोच प्रकार.

स्पेनमधील फ्रान्सिस्को बेल्दा मारुएन्दा या डॉक्टरने २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हाच प्रश्न मांडला होता. त्याने दाखवले, की सहायक पंचाला एकाच वेळी निदान पाच गोष्टी नजरेत ठेवाव्या लागतात: दोन आक्रमक, शेवटचे दोन बचावपटू आणि चेंडू. त्याचा निष्कर्ष असा, की हे मानवी डोळ्याच्या क्षमतेबाहेरचे काम आहे.

वाटूरच्या मैदानावर तीन काठ्या

समजा, एखाद्या पंचाची नजर विजेसारखी आहे. तरीही त्याची सुटका नाही, कारण तो कुठे उभा आहे यावर त्याला काय दिसेल हे ठरते. हे फळ्यावर कितीही समजावले तरी मुलांना पटत नाही. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका रविवारी वाटूरच्या मैदानावर हायस्कूलच्या मुला-मुलींना घेऊन मी हा प्रयोग केला. सामान अगदी साधे होते: माणसाएवढ्या उंचीच्या काठ्या, लांब सुतळी, मोजपट्टी आणि थोडी फक्की. कापसाच्या शेतातून आणलेल्या काठ्या वाकड्या निघाल्या, म्हणून शेवटी बांबू आणावे लागले. काठी सरळ असणे या प्रयोगात महत्त्वाचे आहे.

मैदानावर आडवी एक रेषा सुतळीने धरली. ही ऑफसाइडची रेषा. तिच्यावर बाजूपासून ३० मीटरवर बचावपटूची काठी रोवली. त्याच रेषेवर, पण ४० मीटरवर आक्रमकाची काठी रोवली. म्हणजे दोघे अगदी बरोबरीत. मग सुतळी उचलून घेतली. ‘सहायक पंच’ झालेल्या मुलाला रेषेवर उभे न करता, रेषेपासून १ मीटर गोलच्या बाजूला उभे केले आणि विचारले, कोण पुढे? मग दुसऱ्याला, मग तिसरीला. प्रत्येकाने उत्तर चिठ्ठीवर लिहायचे, शेजाऱ्याला दाखवायचे नाही. बहुतेक चिठ्ठ्यांवर एकच उत्तर आले: आक्रमक पुढे, ऑफसाइड! नंतर सुतळी पुन्हा धरली, तेव्हा मुले काठ्यांकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहू लागली.

यात जादू काही नाही. प्रयोगशाळेत मोजपट्टीकडे तिरपे पाहून वाचन घेतले की चूक येते, तीच ही चूक. तिला आपण पॅरॅलॅक्स किंवा पराशय म्हणतो. वहीत आकृती काढा. पंच रेषेच्या १ मीटर पुढे आहे. त्याच्या डोळ्यापासून बचावपटूकडे जाणारी सरळ रेषा ३० मीटर अंतर जाताना १ मीटर तिरकी सरकते. तीच पुढे ४० मीटरपर्यंत वाढवली, तर समरूप त्रिकोणांवरून ती खऱ्या ऑफसाइड रेषेच्या ३३ सेंटिमीटर मागे गेलेली आढळेल. म्हणजे पलीकडच्या बाजूचा आक्रमक बचावपटूच्या ३३ सेंटिमीटर मागे असला, तरच तो पंचाला बरोबरीत दिसेल. त्याहून थोडा पुढे असला की झेंडा वर! उलट, आक्रमक अलीकडे, पंचापासून १० मीटरवर असेल, तर त्या अंतरावर नजरेची रेषा खऱ्या रेषेच्या ६७ सेंटिमीटर पुढे असते. तेव्हा हा खेळाडू अर्धा मीटर पुढे असूनही सुटून जाईल. एकाच पंचाच्या, एकाच जागेवरून, एकाच सामन्यात एकाला अन्याय आणि दुसऱ्याला सूट! आणि पंच मात्र दोन्ही वेळा प्रामाणिकपणे जे दिसले तेच सांगतो आहे.

२००० साली ॲमस्टरडॅमच्या राऊल औडेयान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात नेमके हेच प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष सामन्यांत सहायक पंच बचावपटूच्या रेषेत नसतो, सरासरीने थोडा पुढेच असतो, आणि त्याच्या चुका भूमितीने सांगितलेल्या दिशेनेच होतात. यापूर्वी अशा चुकांचा ठपका पंचाच्या पक्षपातावर किंवा आळसावर ठेवला जाई. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम किंवा दिलबहार तालीम यांचा सामना ज्यांनी पाहिला असेल, त्यांना प्रेक्षक किती तावातावाने पंचाला बोल लावतात हे ठाऊक असेल. पण प्रेक्षक तर पंचाहूनही तिरक्या कोनात बसलेला असतो! त्याच्या मताला भूमितीच्या दृष्टीने कवडीची किंमत नाही.

याखेरीज आपला मेंदूही एक खोडी करतो. अंधाऱ्या खोलीत सायकलचे चाक उलटे करून फिरवा, आरीवर पांढरा कागद चिकटवा, आणि कागद एका ठरावीक जागी येताच तिथे क्षणभर दिवा चमकवा. हलता कागद चमकेच्या पुढे निघून गेलेला दिसतो. खरे तर दोन्ही एकाच जागी असतात. १९९४ मध्ये रोमी निजहावन यांनी ‘नेचर’मधील लेखात सुचवले, की मेंदू हलत्या वस्तूची जागा थोडी पुढे ढकलून दाखवतो, कारण डोळ्याकडून बातमी येईपर्यंत वस्तू पुढे गेलेली असणार हे तो गृहीत धरतो. कारणांविषयी शास्त्रज्ञांत अजून मतभेद आहेत, पण परिणाम खरा आहे. २००२ मध्ये ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी तो ऑफसाइडला लावून दाखवला. चेंडूवरची ठोकर ही ‘चमक’, आणि धावता आक्रमक हा ‘कागद’. पंचाला तो खऱ्या जागेपेक्षा पुढे दिसणार.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. नजर वळवण्यातील उशीर, आवाजाचा उशीर आणि मेंदूची ही खोडी, तिन्ही चुका एकाच बाजूच्या आहेत. तिन्हींत धावत सुटलेल्या आक्रमकाचेच नुकसान होते. चुका दोन्हीकडे सारख्या विखुरलेल्या असत्या, तर ‘आज तुझी, उद्या माझी’ असे म्हणून सोडून देता आले असते. वर्नियरला शून्य-त्रुटी असेल तर शंभर वाचने घेऊन सरासरी काढली तरी ती त्रुटी जात नाही. तसेच हे आहे.

यंत्र आले, भांडण गेले का?

‘मग कॅमेरा लावा!’ असे कोणीही म्हणेल. लावला. २०१८ च्या विश्वचषकात चित्रफीत पाहून निर्णय देणारे पंच आले. आपल्याकडे २०२२ मध्ये महिलांच्या आशियाई चषकात आणि सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ही पद्धत वापरली गेली. या दोन्ही स्पर्धांचे अंतिम सामने नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाले.

पण कॅमेरा म्हणजे सतत पाहणारा डोळा नव्हे. तो ठरावीक अंतराने स्थिर चित्रे घेतो. सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर दोन चित्रांत ०.०४ सेकंदाचे अंतर. तेवढ्यात आपले दोन खेळाडू एकमेकांच्या तुलनेत ०.०४ × १२ = ०.४८ मीटर सरकतात. सेकंदाला ५० चित्रे घेतली तर २४ सेंटिमीटर. चेंडूला पाय लागला तो क्षण बहुधा दोन चित्रांच्या मध्येच कुठेतरी हरवलेला असतो. जवळचे चित्र निवडले तरी निम्म्या अंतराची अनिश्चितता उरतेच. आणि अशा चित्रावर रेषा ओढून ‘हा खेळाडू दोन सेंटिमीटर ऑफसाइड’ असा निकाल दिला गेला, तोही लाखो लोकांसमोर! प्रॅक्टिकलच्या वहीत एखाद्या विद्यार्थ्याने साध्या मोजपट्टीने मोजून तारेची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिली, तर परीक्षक काय करील? लाल रेघ मारील आणि समासात लिहील, ‘लघुतम माप पाहा’.

२०२२ च्या कतार विश्वचषकात मापे पुष्कळ सुधारली. छपराखाली १२ कॅमेरे, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरील २९ बिंदूंची नोंद सेकंदाला ५० वेळा, आणि चेंडूच्या आत सेकंदाला ५०० वेळा संदेश पाठवणारा संवेदक. पहिल्याच सामन्यात, तिसऱ्या मिनिटाला, इक्वेडोरच्या एनर वॅलेन्सियाचा गोल या यंत्रणेने रद्द ठरवला. प्रत्यक्ष मैदानावर आणि टीव्हीसमोर बसलेल्यांपैकी कोणालाच कारण कळेना. मग संगणकाने काढलेले चित्र दाखवले, तेव्हा त्याच्या एका सहकाऱ्याचा पाय रेषेपुढे असल्याचे दिसले. दोनच दिवसांनी अर्जेंटिना-सौदी अरेबिया सामन्यात अर्जेंटिनाचे पहिल्या अर्ध्यातील तीन गोल ऑफसाइडमुळे गेले, आणि सौदी अरेबिया २ विरुद्ध १ असा जिंकला.

सेकंदाला ५०० वेळा म्हणजे ०.००२ सेकंद, एवढ्यात १२ मीटरच्या वेगाने २.४ सेंटिमीटर अंतर पडते. फारच उत्तम. पण आता गंमत पाहा. पाय आणि चेंडू यांचा स्पर्श हा मुळी क्षण नसतोच. चेंडू दबतो, पायाला चिकटून पुढे जातो आणि मग सुटतो. याला सुमारे ०.०१ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात आपल्या दोघांमधील अंतर १२ सेंटिमीटरने बदलते. नियमाने यावर तोड काढली आहे, ‘पहिला स्पर्श’ धरायचा. ठीक. पण ‘खेळाडूचा वेग’ तरी एकच कुठे असतो? धावताना टेकलेला पाय जमिनीवर स्थिर असतो, त्याचा वेग शून्य. तरीही तोच पाय धडाबरोबर पुढे जायचा, म्हणजे हवेत असताना त्याला धडापेक्षा बराच जास्त, कधी कधी जवळजवळ दुप्पट वेग घ्यावा लागतो. म्हणजे ऑफसाइड बहुधा ज्या बुटाच्या टोकाने ठरतो, ते टोक हीच त्या क्षणी मैदानावरील सर्वात वेगाने हलणारी वस्तू असू शकते. आणि तिची जागा सेकंदाला पन्नासच वेळा नोंदलेली; मधली जागा संगणक हिशेबाने भरून काढतो.

मग नियम न्याय्य म्हणायचा का?

प्रयोग संपल्यावर यावर मुलांची जी चर्चा झाली, ती कॉलेजच्या वादस्पर्धेत ऐकलेल्या कित्येक भाषणांपेक्षा चांगली होती. एकजण म्हणाला, नियमच काढून टाका. हॉकीने टाकला ना? खरे आहे. हॉकीने १९९० च्या दशकात ऑफसाइड रद्द केला आणि खेळ बिघडला नाही. पण हॉकीत गोल फक्त ‘डी’च्या आतून मारता येतो आणि चेंडू डोक्याने खेळायला मुभा नाही. फुटबॉलला ही कुंपणे नाहीत. म्हणून हॉकीचे औषध इथे लागू पडेल असे मला वाटत नाही.

दुसऱ्याने आर्सेन वेंगर यांची सूचना मांडली. आक्रमकाच्या शरीराचा कोणताही भाग बचावपटूच्या बरोबरीत असला, तरी त्याला निर्दोष समजावे, अशी ती सूचना आहे. युरोपात काही ठिकाणी तिची चाचणीही झाली. याने आक्रमकाला फायदा होईल, गोल वाढतील. पण अचूकतेचा प्रश्न सुटत नाही. रेषा फक्त पायाच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरकते. आजचे भांडण बुटाच्या टोकावरून आहे, उद्या टाचेवरून होईल.

मी म्हटले, मापनाची जेवढी अनिश्चितता, तेवढी सूट द्यावी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २०२१ पासून जाड रेषा वापरून असेच काहीसे केले. थोडक्यातला ऑफसाइड असेल तर गोल ग्राह्य धरला. यावर नववीतील एका मुलीने जो प्रश्न विचारला, तो मला मनापासून आवडला. ती म्हणाली, “सर, सूट पाच सेंटिमीटर ठेवली, तर मग साडेचार आणि साडेपाच यांच्यात भांडण होईल. रेषा सरकलीच ना?” प्रश्न बिनतोड वाटतो. पण उत्तर आहे. सीमा सरकते हे खरे, तरी चुकीची जात बदलते. सूट नसताना जो खरोखर निर्दोष आहे त्यालाही शिक्षा होऊ शकते. सूट ठेवली, की जो पकडला जाईल तो निश्चितच पुढे होता. फक्त थोडेसे पुढे असलेले काहीजण सुटतील. न्यायालयात संशयाचा फायदा आरोपीला देतात, तो याच हिशेबाने. आणि इथे तर सुटणाऱ्याने मिळवलेला लाभ किती? दोन-चार सेंटिमीटर! ज्या ठिय्या देऊन बसण्याला रोखण्यासाठी १८६३ मध्ये नियम जन्माला आला, त्याच्याशी या चार बोटांचा काही संबंध नाही. ‘बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही’ हा १९९० मधील बदल याच दिशेचा होता, आणि माझ्या मते तो १९२५ नंतरचा सर्वात शहाणपणाचा बदल होय.

हा वाद केवळ दोहा-लंडनचा आहे, असे समजू नका. आपल्या जिल्ह्यातील शालेय सामन्यांत कॅमेरा नसतो. बाजूच्या रेषेवर बहुधा कोणी क्रीडाशिक्षक किंवा क्लबचा जुना खेळाडू झेंडा घेऊन उभा असतो. तोही दुसऱ्या सामन्यातून दमून आलेला. त्याच्या एका झेंड्याने संघ विभागाला जातो किंवा घरी येतो. महाराष्ट्रात विशिष्ट स्तरापर्यंत पोहोचलेल्या खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, आणि शासकीय नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही कधीतरी अशाच कॅमेरा नसलेल्या मैदानावरून पुढे गेला असेल. तिथला नियम एका माणसाला, दोन डोळ्यांनी, धावता धावता लावता आला पाहिजे. त्यामुळे तिथल्या सहायक पंचासाठी मला दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. चेंडूमागे न धावता शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या अगदी रेषेत राहणे ही पहिली. रेषेत असलात की पराशय शून्य होतो, मग खेळाडू दूर असो की जवळ. आणि शंका असेल तर झेंडा खाली ठेवणे ही दुसरी, कारण बाकीच्या तिन्ही चुका आक्रमकाविरुद्ध जातात हे आपण पाहिलेच आहे.

शिक्षकांसाठी एक सूचना. मोबाइलवर धावत्या मुलाची चित्रफीत घ्या आणि एकेक चित्र पुढे सरकवत त्याची जागा मैदानावरील फक्कीच्या खुणांवरून वाचा. साधा मोबाइल सेकंदाला बहुधा ३० चित्रे घेतो. मंदगती चित्रणात अनेक मोबाइल २४० घेतात. दोन्हींत एका चित्रात मुलगा किती सरकतो याचा तक्ता करा. वेग आणि लघुतम माप हे दोन्ही धडे एकाच तासात होतात.

आणि विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण. सहायक पंच दमून मागे पडला आहे. तो ऑफसाइड रेषेच्या ५० सेंटिमीटर मागे, मध्यरेषेच्या बाजूला उभा आहे. बचावपटू त्याच्यापासून २० मीटरवर आणि आक्रमक ५० मीटरवर आहे. आक्रमक किती पुढे असला, तरी पंचाला तो बरोबरीत दिसेल? आकृती काढून समरूप त्रिकोण वापरा. उत्तर ७५ सेंटिमीटर आले पाहिजे. आले नाही, तर तीन काठ्या घेऊन मैदानावर जा.